घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे! स्लीप ॲप्नियाचा हृदयाशी संबंध काय?

संगीतकार बप्पी लाहिरी यांचं फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हे कारण सांगितलं होतं.

या आजारात झोपेत घसा आकसतो आणि श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो. गंभीर रुग्णात हे तासाला ३० किंवा अधिक वेळा घडतं. दरवेळी रक्तातला ऑक्सिजन घटतो, पुन्हा वाढतो. त्यामुळे संसर्ग नसतानाही रोगप्रतिकारक पेशी सक्रिय होतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, तिथं सूज येते. रक्तदाबही वाढतो. म्हणूनच हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

सातारा-सांगलीतून जाणाऱ्या पुणे-बंगळुरू महामार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्यांना तर दिवसाची पेंगही महागात पडू शकते. घरचे ‘झोपेत गुदमरतोस’ म्हणत असतील, तर सातारा, कराड किंवा मिरजेतल्या कान-नाक-घसा वा छातीविकारतज्ज्ञांना दाखवा. ‘स्लीप स्टडी’तून निदान होतं.