मासा गेला तर गेला

पडद्याच्या तळाशी पेंग्विन उभा असतो. वरून मासे पडत राहतात आणि प्रत्येक माशाच्या अंगावर एक इंग्रजी अक्षर असतं. कीबोर्डवर ते अक्षर दाबलं की पेंग्विन धावत जाऊन मासा मटकावतो. उशीर झाला की मासा जमिनीवर आपटतो. मुलांना टायपिंग शिकवणाऱ्या ‘टक्स टायपिंग’ या खेळाचा हा सगळा पसारा. खेळ फुकट आहे, एकदा संगणकावर घातला की इंटरनेट लागत नाही आणि कुणीतरी अडगळीत टाकलेल्या जुन्या संगणकावरही तो चालतो. पेंग्विन म्हणजे लिनक्सचं बोधचिन्ह असलेला टक्स. लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये काढलेला.

कोयनानगरात असा खेळ कामाला येतो तो पावसाळ्यात. पाटण तालुक्यातली ही धरणाची वसाहत. पावसाच्या बातम्यांत कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचे आकडे रोज शेजारी शेजारी छापून येतात आणि हंगामाची बेरीज चार-पाच हजार मिलिमीटरच्या घरात जाते. मैदानात चिखल, अंगणात शेवाळ, कपडे वाळता वाळत नाहीत. क्रिकेट बंद पडलं की पोरं घरात कोंडतात आणि ज्या घरात संगणक आहे तिथे जमतात. खुर्ची एक, पोरं चार. एक खेळतो, उरलेले तिघे ओरडून अक्षरं सांगतात आणि शिकवणारे सर बघत असतात.

“सर, मासा गेला की!”

“गेला तर गेला. करंगळी कुठंय तुझी?”

मुलाचं सगळं लक्ष माशावर असतं आणि शिकवणाऱ्याचं बोटांवर. खेळाला बोटं दिसत नाहीत. त्याला फक्त कळ दाबल्याचं कळतं. ती करंगळीने दाबली की तर्जनीने, मान खाली घालून की पडद्याकडे बघत, याचा त्याला पत्ता नसतो. चपळ पोरगं दोन तर्जन्यांवर बराच मोठा स्कोअर करतं, टाळ्या मिळवतं आणि चुकीची सवय पक्की करून घरी जातं. काही खेळांत चुकीच्या कळीला दंडच नसतो. हे एकाच्या लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी सगळेच कीबोर्डवरून तळहात फिरवायला लागतात.

म्हणून या शिकवणीत माणूस लागतो. तो शेजारी बसतो, पडद्याकडे पाठ करून.

सुरुवात एफ आणि जे या दोन कळांपासून होते. त्यांच्यावर बारीक उंचवटे असतात. डोळे मिटून कीबोर्ड चाचपायचा आणि दोन्ही तर्जन्या त्या उंचवट्यांवर आणून ठेवायच्या, हा पहिल्या दिवसाचा खेळ. त्याला संगणक चालू करायचीही गरज नसते, त्यामुळे वीज गेली तरी तो थांबत नाही. पोरं तो शर्यत लावून खेळतात. मग दोन्ही हातांवर एक पातळ टॉवेल पडतो. खाली बघायची सोयच उरली नाही की मान आपोआप वर होते. पहिले काही मासे धडाधड आपटतात, पोरगं वैतागतं, टॉवेल उचलून हळूच खाली बघतं. थोड्या वेळाने डावी करंगळी न बघता ‘ए’वर पडते आणि तिचं तिलाच नवल वाटतं.

करंगळी हे या कामातलं सगळ्यात हट्टी बोट. नेहमीच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. ते मोठ्यांच्या हाताला बेतलेलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची करंगळी खालच्या ओळीकडे जाते तेव्हा अख्खा पंजा तिच्यामागे सरकतो आणि तर्जनी जागा सोडते. शिकवणारा त्या क्षणी खेळ थांबवतो. हात परत एफ-जेवर, मग पुढचा मासा. गती सगळ्यात सोपी ठेवायची, एकाला दहा मिनिटांच्या वर बसवायचं नाही. हाताला कंटाळा आला की बोटं आपापला जुना रस्ता धरतात.

टायपिंग क्लासात गेलेल्या पिढीला यातलं काहीच नवीन नाही. सातारा, कराड, सांगलीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन किंवा गोदरेजच्या यंत्रावर बसलेल्या कुणालाही ‘ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे’ हा मंत्र झोपेतून उठवला तरी म्हणता येतो. पानंच्या पानं तेवढंच बडवायचं. त्यात गंमत औषधालाही नव्हती, पण मागे उभ्या मास्तरांची नजर बोटांवर होती. खेळाने कंटाळा घालवला आणि त्याच्याबरोबर ती नजरही.

खरं तर न बघता टाइप करण्याचा बोलबाला झाला तो चुरशीतूनच. २५ जुलै १८८८ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात कोर्टाचे लघुलेखक फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्रॉब यांच्यात टायपिंगचा सामना झाला. ट्रॉब कळांकडे बघत टाइप करत. मॅकगरिन यांनी कीबोर्ड पाठ केलेला होता. ते जिंकले, वर्तमानपत्रांत गाजले आणि त्यांची पद्धत पसरत गेली. संगणकावर ही चुरस १९८७ मध्ये ‘मेव्हिस बीकन टीचेस टायपिंग’ने घरोघरी नेली. मेव्हिसबाई काल्पनिक होत्या. वेष्टनावरचा चेहरा रेने लेस्पेरान्स या मॉडेलचा होता. त्या खेळात मोटारींची शर्यत असे आणि अक्षर चुकलं की समोरच्या काचेवर किडा येऊन आपटे.

इकडे आई-वडिलांच्या डोक्यात मात्र दुसराच हिशोब असतो. महाराष्ट्र शासनातल्या लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांच्या गतीचं प्रमाणपत्र लागतं. त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ती आता संगणकावरच होते. टायपिंगच्या हिशोबात पाच ठोक्यांचा एक शब्द धरला, तर मिनिटाला ३० शब्द म्हणजे १५० ठोके, सेकंदाला अडीच. मासे मारण्यात तरबेज झालेल्या पोराला हे किरकोळ वाटतं. पण मासे एकेक करून पडतात आणि परीक्षेतला उतारा सलग असतो.

शिवाय तो उतारा मराठी असला तर मासे फारसे उपयोगी पडत नाहीत. मोबाइलवर मुलं मराठी लिहितात ती रोमन अक्षरांतून किंवा बोलून. कीबोर्डवर मराठीची सरळ वाट इन्स्क्रिप्टची. १९८६ साली आखलेली ही मांडणी विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असते. स्वरचिन्हं डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, अशी तिची वाटणी. सगळ्या भारतीय लिप्यांना ती जवळपास एकच आहे. त्यामुळे देवनागरीत ज्या कळीवर क, त्याच कळीवर कन्नडमध्येही क. सांगली जिल्ह्यात जतच्या बाजूला दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात.

इंग्रजीच्या मधल्या ओळीवर पोरांना ‘सॅड’, ‘लॅड’, ‘फ्लास्क’ असले शब्द मिळतात. इन्स्क्रिप्टच्या मधल्या ओळीवर, ओळ न सोडता, चोर, परत, चिकट, चित्र आणि कुत्रे लिहिता येतात. ‘चित्र’मध्ये तर जोडाक्षरही आलं. त, मग डाव्या मधल्या बोटाने हलन्त, मग र. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण टाइप नंतर होते. आधी च दाबायचा, मग वेलांटी, की ती उडी मारून चच्या आधी जाऊन बसते. जुन्या टंकलेखन यंत्रावर वेलांटी आधी मारायची सवय झालेल्यांना हे जड जातं. मुलांना जात नाही, कारण ती बोलताना ऐकू येतं त्याच क्रमाने टाइप करतात.

मराठीचा खेळ मग हातानेच रचला जातो. कोरं पान उघडायचं, एकाने शब्द ओरडायचा, दुसऱ्याने टॉवेलाखाली टाइप करायचा, तिसऱ्याने बोटांवर लक्ष ठेवायचं. बोट चुकलं की शब्द बरोबर असला तरी बाद. या एका नियमाने खेळातली उणीव भरून निघते. आणि पोरं पंच म्हणून भलतीच कडक असतात.

शब्द अर्थातच आसपासचे. ‘कोयना’ला उजवं मधलं बोट, डावी करंगळी, उजवी करंगळी, डावी तर्जनी आणि डावं मधलं, अशी पाच अक्षरचिन्हांना पाच वेगळी बोटं लागतात. तो शब्द लवकर बसतो. ‘हेळवाक’ला मात्र गाडी अडते. ळ साठी डाव्या करंगळीने शिफ्ट धरून उजवी तर्जनी खालच्या ओळीत न्यावी लागते. करंगळी सुटली की ‘हेलवाक’ उमटतं, पंच “आउट” म्हणून बोंबलतात आणि खुर्ची पुढच्याला मिळते.