निराश्रिता आणि विद्या

अन्न व निवारा दिल्याने निराश्रित स्त्रीचे परावलंबन संपत नाही. त्यास विद्येची जोड लागते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून स्पष्ट होते. दुष्काळात मातापित्यांचे छत्र हरपल्यावर देशोधडीस लागलेल्या रमाबाईंची शिदोरी म्हणजे आईने शिकविलेले संस्कृत होय. त्याच बळावर पुढे इंग्लंडमध्ये, चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात, १८८४ ते १८८६ या काळात स्वतः शिकत असता त्यांनी संस्कृतचे अध्यापनही केले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत स्थापिलेले शारदा सदन हे केवळ आश्रयस्थान नव्हते, विद्यालय होते. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूखच्या बालविधवा गोदूबाई, पुढील आनंदीबाई कर्वे, या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. निराश्रितेची विद्या अशा रीतीने दुसऱ्या निराधार स्त्रीचा आधार ठरली.