समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या सुटकेच्या नौका

दुसऱ्या महायुद्धाचा एक विलक्षण पैलू आज सांगतो. 🌊✈️

१९४० मध्ये इंग्लिश खाडीवर हवाई लढाया पेटल्या होत्या. विमानातून उडी मारून वाचलेला वैमानिक अनेकदा गार पाण्यात गारठून मरायचा. जर्मन वैमानिकांकडे फुगवता येणारी छोटी होडी आणि पाणी रंगवणारी पूड असे. शोधणाऱ्याला तो रंग वरून दिसे. जर्मनांनी समुद्रात नांगरून तरंगत्या खोल्याही ठेवल्या. आत चार बिछाने, घोंगड्या, अन्न आणि औषधं!

ब्रिटिशांनी १९४१ च्या सुरुवातीला सुटकेसाठी स्वतंत्र खातं उभारलं. त्यांचं मुख्य बळ म्हणजे वेगवान मोटरबोटी. त्यातला ६३ फुटी, पाठीला बाक असलेला प्रकार ‘व्हेलबॅक’ म्हणून ओळखला जाई. १९४३ पासून तर विमानातून पॅराशूटने अख्खी लाकडी नौका खाली सोडू लागले. शिडं, इंजिन, खाणं सगळं तिच्यात. रचनाकार होते उफा फॉक्स.

ब्रिटिशांच्या वेगवान मोटरबोटींपैकी ‘१०२’ क्रमांकाच्या बोटीने १९४१ मध्ये दोन महिन्यांत ३८ वैमानिक-कर्मचारी वाचवले, त्यात जर्मन बॉम्बरचे लोकही होते. बुडणारा शत्रू असला तरी त्याला बाहेर काढायचं, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडेही २८ जून २०२२ ला मुंबईजवळच्या समुद्रात पवनहंसचं हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा तरंगवणारे फुगे आणि जवळची जहाजं कामी आली. नऊपैकी पाच जण वाचले.

‘१०२’ दुरुस्त होऊन आजही इंग्लंडमध्ये जपलेली आहे. तिकडे कुणी नातेवाईक असतील, तर त्यांना पोर्ट्समथला ती जरूर पाहायला सांगा.