फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही

थंडीच्या दिवसांत निघोज्यात पहाट लवकर होते. गावाच्या हद्दीत महिंद्राचा वाहन कारखाना, भोवती चाकण एमआयडीसीचे लहानमोठे कारखाने आणि त्यांत पहिल्या पाळीला जाणारे शेकडो तरुण. भाड्याच्या अनेक खोल्यांत गिझर नसतो. बादलीत हीटरचा रॉड सोडायचा, बटण दाबायचे आणि थोड्या वेळाने पाणी तापले का ते बोट घालून पाहायचे. धोका याच बोटात आहे. तो किती मोठा, हे शाळेच्या विज्ञानातल्या दोन सूत्रांवरून कळते.

व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरने गुणले की शक्ती मिळते, वॅटमध्ये. रॉडवर 1500 वॅट, 230 व्होल्ट असे छापलेले असते. 1500 भागिले 230 म्हणजे सुमारे साडेसहा अँपिअर. आता 230 ला साडेसहाने भागले की रॉडचा रोध येतो, अंदाजे 35 ओहम.

हेच गणित माणसाच्या शरीराला लावता येते. शरीराच्या आत रक्त आणि क्षारयुक्त पाणी, त्यामुळे आतला रोध जेमतेम काहीशे ओहम. खरा अडसर कातडीचा. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाचे टोक तारेला ओझरते लागले, तर रोध 50 हजार ओहमही असू शकतो. 230 भागिले 50,000 म्हणजे साडेचार मिलिअँपिअर. झटका बसतो, माणूस हात मागे घेतो, शिवी हासडतो आणि विसरतो. ओला हात आणि मोरीच्या ओल्या फरशीवर अनवाणी पाय असतील तर रोध हजार ओहमच्या आसपास येतो. मग 230 भागिले 1000, म्हणजे 230 मिलिअँपिअर. कोरड्या कातडीवरही फार विसंबू नये. पूर्ण तळवा टेकला, थोडा वेळ टेकून राहिला की 230 व्होल्टपुढे तीही हार मानते.

एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहा ते सोळाच्या दरम्यान हाताचे स्नायू स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत. बोटे मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जोरदार असल्याने मूठ आवळली जाते. ‘करंटने ओढून धरले’ असे लोक म्हणतात ते यामुळे; करंट ओढत नाही, माणसाचा हातच सोडत नाही. त्याहून थोड्या जास्त करंटला छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो. पन्नास-शंभर मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेले, तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे जाणे थांबते.

आता बोर्डावरच्या एमसीबीकडे पाहू. रॉडच्या सॉकेटला बहुधा 16 अँपिअरची एमसीबी असते. रॉड साडेसहा घेतो, माणसातून जाणारे पाव अँपिअरही नाही. बेरीज सात अँपिअरच्या आतच. एमसीबी पडण्याचे कारणच नाही. शक्तीच्या हिशेबात 230 गुणिले 0.23 म्हणजे 53 वॅट. छताचा जुना पंखा याहून जास्त वीज खातो. एमसीबी आणि फ्यूज वायर तापून आग लागू नये म्हणून असतात, माणसासाठी नाहीत.

माणसाला राखते ती तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग. रॉड आतून फुटला तर करंट अर्थच्या वायरीने जमिनीत जातो आणि तोही इतका मोठा की एमसीबी पडते. पण सॉकेट जुळत नाही म्हणून ही पिन कापणारे कमी नाहीत, आणि काही चाळींत अर्थची वायर बोर्डापर्यंत येऊन तिथेच लोंबकळते.

दुसरा राखणदार आरसीसीबी. इलेक्ट्रिशियन अजूनही त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो पाहतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज तोडतो. 230 चा पडला तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. हृदयाचा एक ठोकाही त्याहून लांब असतो. त्याची किंमत खोलीच्या एका महिन्याच्या भाड्याहून बहुधा कमीच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरले तर मात्र त्यालाही कळत नाही. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आणि पाण्याला हात लावण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा, आरसीसीबी असला तरी.

कोणी चिकटलाच तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर ढकलावे. बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल तर 108 ला फोन करायला कोणाला तरी सांगून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. कांदा हुंगवणे, तळवे चोळणे यात मिनिटे जातात.

उठून बसलेल्यालाही रुग्णालयात न्यावे. कातडीवर शेंगदाण्याएवढाच डाग दिसतो, पण आत स्नायू भाजलेले असू शकतात. त्यांतून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडांत अडकते. लघवी गडद, चहासारखी होऊ लागली तर वेळ दवडू नये. ईसीजी काढल्याशिवाय हृदय सुखरूप आहे असे कोणीही म्हणू नये.