थकलेल्या पगाराचा नाका

वाशिमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या एसटीत 'कनेरगाव नाका' असं पूर्ण नाव घ्यावं लागत नाही. 'नाका' म्हटलं तरी भागतं. गाडी पैनगंगेचा पूल ओलांडते, जिल्हा बदलतो, आणि खिडकीतून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. तीच काळी माती, तेच सोयाबीन, तीच तूर, तीच हळद. कागदावर मात्र बरंच काही बदललेलं असतं. पुलाच्या अलीकडे अमरावती विभाग, पलीकडे छत्रपती संभाजीनगर. अलीकडच्याचं अपील नागपूर खंडपीठात जातं, पलीकडच्याचं औरंगाबाद खंडपीठात. वाशिमच्या पोराची पदवी अमरावती विद्यापीठाची, हिंगोलीच्या पोराची नांदेडच्या. हळदीवर करपा पडला तर अलीकडचा शेतकरी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे बघतो आणि पलीकडचा परभणीच्या.

हे गाव पाहायला येणाऱ्याला देऊळ, किल्ला किंवा वाडा दाखवून मोकळं होता येत नाही. इथलं सगळ्यात जुनं स्मारक म्हणजे गावाच्या नावाला चिकटलेला 'नाका' हा शब्द.

नदी आहे म्हणून सीमा आहे, असं सहज वाटतं. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या रांगेत उगवून पुढे वर्धा नदीला मिळणाऱ्या पैनगंगेने शतकानुशतकं कुणाला अडवलं नव्हतं. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट ज्या गावाच्या दानाचा आहे, ते गाव नांदीकट विभागातलं, आणि नांदीकट म्हणजे आजचं नांदेड. राजधानी नदीच्या उत्तरेला आणि दान दक्षिणेला. पुढे अकबराच्या काळात 'ऐन-ए-अकबरी'ने वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी दिली, तिच्यात वाशिम आहे, माहूर आहे आणि चक्क पाथरीही आहे. परभणीजवळची पाथरी वऱ्हाडात! आज हे वाक्य दोन्हीकडच्या माणसांना सारखंच खटकेल.

मग ही रेघ ओढली कुणी? त्याचं उत्तर नदीकाठी नाही, हिंगोलीच्या मोहल्ल्यांत आहे. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी नावं तिथे अजून चालतात. ही नावं लष्करी छावणीची, आणि ती छावणी हैदराबाद कंटिंजंटची. या फौजेचा कारभार मोठा मासलेवाईक होता. अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा, आणि पगार मात्र निजामाने द्यायचा. निजामाची तिजोरी रिकामी, सावकार दाराशी बसलेले, त्यामुळे पगार थकायचा. मग ईस्ट इंडिया कंपनी आपल्या खजिन्यातून तो भागवायची आणि निजामाच्या नावे कर्ज मांडायची. आपल्याच घरात दुसऱ्याने चौकीदार नेमावा, त्याचा पगार आपण द्यावा आणि तो थकला म्हणून शेत गहाण पडावं, असा हा प्रकार.

ते शेत म्हणजे वऱ्हाड. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले, ते कंटिंजंटच्या खर्चापोटी. तह झाला त्याच महिन्यात दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या दिवाण झाला. हाच पहिला सालारजंग. वऱ्हाड परत मिळवण्यासाठी तो मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, खटपट करत राहिला. १८७६ साली विलायतेला जाऊन आला, पण हाती काही लागलं नाही. १८६० च्या सुधारित तहात धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचं कर्जही माफ झालं, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने त्याचा कायमचा पट्टा करून घेतला, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने. पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली. जिच्या पगारासाठी हे सारं झालं ती फौज गेली, कर्ज त्याआधीच माफ झालं होतं, पण पैनगंगेवरची रेघ राहिली.

या रेघेवर करोडगिरी आली. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. १८०२ च्या व्यापारी तहामुळे हैदराबादची जकात शेकडा पाचाच्या मर्यादेत होती. सालारजंगाने मुलखातली ठिकठिकाणची जकात मोडीत काढून ती सरहद्दीवर आणली, आणि वाशिम–हिंगोली रस्त्याच्या या टोकाला 'नाका' हे आडनाव का लागलं ते इथे उमगतं. गाडीत कापूस असो की कापड, नदीपलीकडचा माल परमुलखातला ठरायचा.

गंमत अशी की कायद्याच्या भाषेत वऱ्हाडचा मालक निजामच होता. इंग्रज फक्त पट्टेदार. १९३६ च्या करारानंतर तर त्याच्या पदवीतच 'हैदराबाद आणि वऱ्हाड' आलं आणि थोरला मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. म्हणजे वऱ्हाडातून येणाऱ्या मालावर निजामाचं खातं जी जकात घेई, ती एका परीने आपल्याच मुलखातल्या मालावर. नाक्यावरच्या अंमलदाराला हा विनोद कळत असेल का, कुणास ठाऊक.

नाण्यांचाही प्रश्न होताच. निजामाकडे हाली सिक्का, वऱ्हाडात इंग्रजी कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. एकीकडच्या बाजारात बैल विकून दुसरीकडे बियाणं घेणाऱ्याला मनातल्या मनात हे गणित करावं लागे. सरकारी कागद अलीकडे मराठी-इंग्रजीत, पलीकडे उर्दूत. साल पलीकडे फसली. घरात मात्र दोन्हीकडे मराठीच, आणि 'का' असं विचारायला 'काऊन'.

अशी जागा जगात एकटी नाही. फ्रान्समध्ये गिये नावाच्या छोट्या नदीच्या दोन काठांवर दोन गावं आहेत. दोघांचं नाव एकच, ल पाँ-द-बोव्वाझँ; त्यातला 'पाँ' म्हणजे पूल. ही नदी पूर्वी फ्रान्स आणि सव्हॉय यांच्यामधली सरहद्द होती. मांद्रँ हा प्रसिद्ध तस्कर याच भागात माल पलीकडून अलीकडे आणायचा. १७५५ साली त्याला पकडायला फ्रेंच माणसं परक्या सव्हॉयमध्ये घुसली आणि फ्रान्समध्ये आणून त्याला चाकावर चढवून मारलं. १८६० साली सव्हॉय फ्रान्सला जोडलं गेलं आणि सरहद्द संपली. गावं मात्र एक झाली नाहीत. आजही एक इझेर जिल्ह्यात, दुसरं सव्हॉय जिल्ह्यात, आणि नगरपालिका दोन. तिथे गावाला पुलाचं नाव आहे आणि इथे नाक्याचं. हा फरक मला सूचक वाटतो.

रेल्वेनेही ही सीमा पाळली. पूर्णा–हिंगोली मीटरगेज मार्ग १९१२ साली झाला आणि रूळ हिंगोलीत थांबले. पुढे कनेरगाव, नदी, वाशिम, अकोला करत ते खांडव्यापर्यंत पोहोचायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला. त्यानंतर याच रुळांवरून जयपूर–सिकंदराबाद मीनाक्षी एक्स्प्रेस धावली आणि नाक्याच्या स्टेशनाने राजस्थान पाहिला. अकोला–पूर्णा ब्रॉडगेज झाली ती २००८ साली.

१९४७-४८ मध्ये ही नदी जिवावरची झाली. रझाकारांच्या जाचाला कंटाळलेली माणसं वऱ्हाडात उतरत होती. सरहद्दीलगत स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. पैनगंगेच्या खालच्या अंगाला उमरखेडचा कॅम्प विशेष गाजला. शिंदीची झाडं तोडणं आणि करोडगिरीचे नाके जाळणं हा लढ्याचा ठरलेला कार्यक्रम होता, कारण गावच्या माणसाला निजामाचं राज्य तिथेच भेटायचं. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षं रेंगाळून १९५९ साली बाद झाला.

१ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही काठ द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९९८ साली अकोल्यातून वाशिम जिल्हा निघाला, १९९९ साली परभणीतून हिंगोली. नवे जिल्हे पाडतानाही कुणी जुनी रेघ पुसली नाही. कूळकायदासुद्धा पलीकडे १९५० चा हैदराबादचा, अलीकडे १९५८ चा विदर्भाचा.

२ सप्टेंबर २०२५ ला मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा शासन निर्णय निघाला आणि ही रेघ पुन्हा ठळक झाली. वऱ्हाडच्या महसुली कागदांवर कुणबी ही नोंद सर्रास आढळते. निजामाच्या मुलखातल्या मराठ्यांना तीच नोंद जुन्या दप्तरांतून हुडकावी लागते. या दोन काठांमध्ये सोयरीक नेहमीचीच. लेक नदीपलीकडे दिली की तिच्या पोरांचे मामा अलीकडे राहतात. मग दाखल्याच्या रांगेत उभा असलेला भाचा मामाला फोन करून विचारतो, 'मामा, तुमच्या आज्याच्या कागदावर काय लिहिलंय?' मामा सांगतो. भाच्याला ते उपयोगी पडत नाही, कारण कागद लागतो तो बापाकडचा, आणि बापाचं गाव नाक्याच्या पलीकडचं.