मिश्रवंशाची नावे : 'ईस्ट इंडियन' नेमके कोण?
'ईस्ट इंडियन' हे नाव एकोणिसाव्या शतकात दोन अगदी वेगळ्या समाजांनी आपखुशीने घेतले. कोलकात्यात ते युरोपीय बाप आणि हिंदी आई यांच्या वंशजांचे होते. पुढे मुंबई-वसईत ते मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांचे झाले. या आठवड्यात लेखमालेत गोव्यातल्या मेस्तिसांची, म्हणजे पोर्तुगीज-हिंदी मिश्रवंशीयांची, पाळी होती. पण "आमचे ईस्ट इंडियन शेजारीही युरेशियनच का?" या वसईच्या वाचकाच्या प्रश्नाचा उलगडा आधी व्हायला हवा, कारण पोर्तुगीज आडनावाने होणारी फसगत गोव्यातही तीच आहे. मेस्तिस पुढच्या आठवड्यात.

कोलकात्याचे नाव आधीचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या १७९५ च्या हुकुमानंतर, आईबापांपैकी एक जरी युरोपीय वंशाचा नसला तरी त्या माणसाला कंपनीच्या फौजेत बासरीवाला, ढोलकरी, बँडवाला किंवा नालबंद यापलीकडे जागा उरली नव्हती. जेम्स स्किनर हा स्कॉटिश बापाचा आणि राजपूत आईचा मुलगा. कंपनीचे दार बंद म्हणून तो शिंद्यांच्या फौजेत गेला, आणि १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच इंग्रजी रक्ताचा म्हणून तिथूनही त्याला निघावे लागले. बापाच्या लोकांना तो पुरता आपला वाटला नाही, आईच्या मुलखातही नाही.

अशा माणसांना दुसऱ्यांनी दिलेली नावे बहुतेक मोजमापाची होती. 'हाफ-कास्ट' हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. त्याहून बोचरा हिशेब आण्यांचा. रुपयाचे आणे सोळा. तेव्हा अमक्याच्या अंगात काळे रक्त दोन आणे तरी असेलच, असे इंग्रज मंडळी सहज बोलत. मराठीत सोळा आणे म्हणजे अस्सल, पुरेपूर. तोच हिशेब माणसाला लावला की तो जन्मभर चिल्लरच राहतो.

'ईस्ट इंडियन' या नावात असा अपूर्णांक नव्हता. बाप कोण, आई कोण, कोणाचे रक्त किती, यातले काहीच ते सांगत नव्हते; सांगत होते ते फक्त ठिकाण. हिंदू कॉलेजातला तरुण शिक्षक आणि कवी हेन्री डिरोझिओ याने १८३१ मध्ये याच नावाचे वृत्तपत्र काढले. त्याच्या आदल्या वर्षी जॉन रिकेट्स ईस्ट इंडियनांचा अर्ज घेऊन लंडनला ब्रिटिश संसदेपुढे गेला होता. अर्जातली एक तक्रार मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोलकाता शहराच्या हद्दीत या लोकांना इंग्रजी कायदा लागू असे. पण हद्द ओलांडून मोफसलात गेले की ते ब्रिटिश प्रजा ठरत नसत, आणि ख्रिस्ती असूनही त्यांच्यावर इस्लामी फौजदारी कायदा चाले. नाव ठरवणे ही त्यांच्यासाठी हौस नव्हती. कोणत्या कोर्टात उभे राहायचे ते त्यावर ठरत होते.

बंगालमध्ये हे नाव टिकले नाही. 'युरेशियन' पुढे सरसावले, आणि १९११ च्या जनगणनेपासून 'अँग्लो-इंडियन' हे अधिकृत झाले. तोवर या शब्दाचा रूढ अर्थ हिंदुस्थानात राहणारा इंग्रज असाच होता.

मुंबईची कथा वेगळी आहे. साष्टी-वसईतले कोळी, भंडारी, कुणबी, सामवेदी अशा अनेक जातींतले लोक पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राज्य गेले तरी धर्म आणि आडनावे राहिली. इंग्रजांच्या मुंबईत यांना 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणत. पुढे नोकरीधंद्यासाठी गोव्याहून आणि मंगळुराहून कॅथलिक येऊ लागले. आडनावे तीच, चर्च तेच. स्थानिक आणि पाहुणे ओळखायचे कसे? २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाले आणि नाव पक्के झाले. आपण पोर्तुगालचे नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीच्या वेळेपासूनचे इंग्रजी प्रजाजन, हा दावा त्यात स्पष्ट आहे.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. परेरा किंवा डिमेलो हे आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले आहे, रक्तातून आलेले नाही. पोर्तुगीजांशी तुरळक लग्ने झाली असतील, पण समाज इथल्याच मातीतला. लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, 'उंबराचे पाणी' आणतात आणि त्याने नवऱ्यामुलाला, नवरीला न्हाऊ घालतात. उन्हात वाळवलेल्या मिरच्या भाजून-कुटून केलेला मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात; म्हणून तो 'बॉटल मसाला'. बाटली विलायती, आतला ऐवज घरचा. भाषा मराठी, थोडे पोर्तुगीज शब्द मुरलेली.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ मधला खंड (२) या दोन समाजांना वेगळे करतो. अँग्लो-इंडियन कोण, तर ज्याचा बाप किंवा पितृवंशातला कोणीही पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा आहे, आणि जो भारताचा रहिवासी असून इथेच कायम राहणाऱ्या आईबापांच्या पोटी इथे जन्मला. व्याख्येत 'मिश्र' हा शब्द नाही, 'इंग्रज' हाही नाही. आई अँग्लो-इंडियन आणि बाप हिंदी असेल तर मूल त्यात बसत नाही. उलट असेल तर बसते. कितीही पिढ्या मागचा असो, पितृवंशातला पुरुष पूर्वज युरोपीय असला म्हणजे झाले; हे कलम लिहिणाऱ्यांनी आईला मोजलेच नाही. याच व्याख्येवर लोकसभेत दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमण्याची तरतूद उभी होती. ती जानेवारी २०२० मध्ये संपली. डिरोझिओचे पितृकुळ पोर्तुगीज वंशाचे, म्हणून त्याच्यासारखा माणूस या व्याख्येत येतो. वसईचा डिमेलो तेवढेच पोर्तुगीज आडनाव लावूनही तिच्या बाहेर राहतो.