नजरेची वाट

श्रोतेहो, तिफणीने पेरलेल्या ओळी आपण सरळ ठेवतो, ते काही शोभेसाठी नव्हे. मागाहून त्यांतून कोळपे चालवायचे असते. ओळ वाकडी गेली, की रोपेच कोळप्याखाली येतात. संगणकाच्या पडद्यावर भरावयाच्या फॉर्मचेही तसेच आहे. तेथे कोळप्याच्या जागी माणसाची नजर चालते, इतकाच फरक.

तुम्ही म्हणाल, एखादा रकाना बोटभर इकडेतिकडे झाला, तर बिघडले कुठे? ऐका तर. २००६ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या सारासोटा भागात बोट टेकवून मत देण्याच्या यंत्रांवर मतदान झाले. तेथल्या काँग्रेसच्या जागेसाठी सुमारे १८,००० मतपत्रिकांवर कोणालाच मत पडले नाही. आणि निकाल लागला अवघ्या ३६९ मतांनी! मागाहून तपासणी झाली, तीत यंत्रांत बिघड सापडला नाही. मग घोळ कुठला? त्या जागेची दोनच नावे पडद्याच्या अगदी वर होती. त्यांखाली रंगीत शीर्षक आणि गव्हर्नरपदाच्या उमेदवारांची लांबलचक यादी. नजर रंगावर गेली आणि वरचा भाग राहूनच गेला, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत पडले.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, आपणही शाळेसाठी असे फॉर्म तयार करतो. चार गोष्टी ध्यानात ठेवा. सर्व रकान्यांच्या डाव्या कडा एका ओळंब्यात घ्या. 'नाव', 'गाव' ही अक्षरे ज्याच्या त्याच्या रकान्याला लगटून, शक्यतो त्याच्या डोक्यावरच लिहा. मध्ये हातभर मोकळी जागा पडली, तर नजर शेजारच्या ओळीत घसरते. विद्यार्थ्याची माहिती एकत्र, पालकांची एकत्र, आणि दोहोंमध्ये थोडे अधिक अंतर. पिन कोडाचे आकडे सहाच, तेव्हा त्याचा रकानाही आखूडच हवा. आणि 'पाठवा' हे बटण शेवटच्या रकान्याखाली, त्याच ओळंब्यात ठेवा.

एवढे झाले, की तो फॉर्म कधीच न पाहिलेल्या एखाद्या पालकाला भरायला द्या. तुम्ही शेजारी बसा, पण सांगू काही नका. त्यांचे बोट कुठे अडखळते, तेवढे पाहा. अडखळले, तर "यांना काही कळत नाही" असे म्हणू नका. तिथली ओळ आपली वाकडी गेली आहे. ती आधी सरळ करा.